उतरलेलं वजन परत का येतं, आणि त्यात डॉक्टर काय करू शकतात

माझ्या ताईने पंधरा वर्षांत तीन वेळा वजन उतरवलं. एकदा नऊ किलो, एकदा सहा, आणि तिसऱ्यांदा तब्बल चौदा. तिन्ही वेळा दीड-दोन वर्षांत ते व्याजासकट परत आलं. मग एखाद्या मुंजीत किंवा बारशाला कोणी ना कोणी म्हणायचंच, "अगं, किती छान बारीक झाली होतीस, परत सुटलीस की!" ती हसून वेळ मारून न्यायची आणि घरी येऊन रात्रीचं जेवण सोडायची. एका डॉक्टरांनी तर तपासायच्या आधीच सांगितलं होतं, "तोंडावर ताबा ठेवा, दुसरं काही नाही." त्यानंतर चार वर्षं ती कुठल्याच दवाखान्याची पायरी चढली नाही. त्याच चार वर्षांत तिची साखर वाढत गेली आणि कुणाला पत्ता लागला नाही.

गेल्या वर्षी गुडघ्यांनी हात टेकायला लावले, तेव्हा मी तिला घेऊन एका एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन्सच्या तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी दोनच प्रश्न विचारले. "आजवरचं सगळ्यात जास्त वजन किती होतं? आणि सगळ्यात कमी, कोणत्या वर्षी?" ताई सांगत गेली आणि ते कागदावर ठिपके देत गेले. ठिपके जोडले तर करवतीच्या दात्यांसारखी रेघ तयार झाली. खाली, वर, खाली, वर. रेघेवर बोट ठेवून ते म्हणाले, "वजन उतरवायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. तुम्ही ते तीनदा केलंय. आपल्याला काम करायचंय ते इथून पुढे," आणि बोट उतार संपतो त्या टोकावर आणलं.

हा लेख त्या टोकाबद्दल आहे.

आपल्या शरीरातली चरबी म्हणजे नुसतं पडून राहिलेलं गाठोडं नाही. ती मेंदूशी सतत बोलत असते. १९९४ साली अमेरिकेत जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिन नावाचं हार्मोन शोधून काढलं. ते चरबीच्या पेशींत तयार होतं आणि मेंदूला कळवतं की कोठारात धान्य किती शिल्लक आहे. चरबी घटली की लेप्टिन घटतं. मेंदूला त्या बातमीचा एकच अर्थ लागतो, दुष्काळ पडलाय. तुम्ही साखरेच्या भीतीने खाणं कमी केलंय की खरोखर घरात दाणा नाही, हे त्याला कळत नाही. माणसाच्या हजारो पिढ्यांनी दुष्काळ पाहिले आणि त्यात जी शरीरं चरबी धरून राहिली ती जगली. त्यांची लेकरं म्हणजे आपण. तेव्हा मेंदू दोन गोष्टी करतो. भूक वाढवतो आणि खर्च कमी करतो. जठरातून निघणारं घ्रेलिन हे भुकेचं हार्मोन वाढतं, पोट भरल्याचं सांगणारी आतड्यांतली हार्मोन्स घटतात, आणि नुसतं बसून राहायला शरीराला जेवढे उष्मांक लागतात तेवढेही तो वाचवू लागतो.

हे किती दिवस चालतं? ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या संशोधकांनी ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी उष्मांकांच्या आहारावर ठेवलं. त्यांचं सरासरी १३ किलोच्या आसपास वजन उतरलं. एक वर्षाने पाहिलं तर भुकेची हार्मोन्स अजून जागेवर आलेली नव्हती. २०११ सालचा हा अभ्यास. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन उतरवण्याच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा बहुतेकांचं वजन बरंच परत आलं होतं, आणि तरीही त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० उष्मांक कमी जाळत होतं. आपल्या हिशेबात साधारण चार तेल लावलेल्या पोळ्या. म्हणजे शेजारच्या तेवढ्याच वजनाच्या माणसाला जे ताट पुरतं, त्यातल्या चार पोळ्या यांना रोज जास्तीच्या ठरत होत्या.

मला हे कळलं तेव्हा ताईची आठवण येऊन फार वाईट वाटलं. जिला आम्ही सगळे ‘मनावर घेत नाही’ म्हणत होतो, ती वर्षानुवर्षं स्वतःच्याच शरीराशी झुंजत होती. जागतिक आरोग्य संघटना लठ्ठपणाला दीर्घकाळ चालणारा आणि पुन्हा पुन्हा उलटणारा आजार मानते ती याच कारणाने. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्याला आपण ‘जरा मनावर घे, दाब आपोआप उतरेल’ असं म्हणत नाही.

आता मोजमापाकडे येऊ, कारण आपल्या लोकांची इथे मोठी गफलत होते. बीएमआय काढायला वजन किलोत घ्यायचं आणि उंचीच्या मीटरमधल्या आकड्याच्या वर्गाने भागायचं. उंची १६० सेंटिमीटर आणि वजन ६४ किलो असेल तर उत्तर २५ येतं. जगभरात २५ पासून जास्त वजन आणि ३० पासून लठ्ठपणा धरतात. भारतीयांसाठी मात्र तज्ज्ञांनी या रेषा खाली आणल्या आहेत, २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. असं का, ते सांगणारी एक गोष्ट पुण्यातली आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे फोटो शेजारी शेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३ होता. दोघेही दिसायला सडपातळ. पण यंत्राने चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याने दोघांना एकच ठरवलं होतं. त्याच्या आधी पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली होती, त्यातही तेच दिसलं होतं. इंग्लंडच्या बाळांचं जन्मवजन सरासरी साडेतीन किलो आणि आपल्या बाळांचं पावणेतीनच्याही आत, पण आपल्या बाळांचे हातपाय काटकुळे आणि स्नायू कमी असले तरी चरबी मात्र बरीचशी राखलेली. म्हणजे आपण बारीक असतानाही आतून चरबीचे असू शकतो, आणि ती चरबी पोटात, यकृताभोवती जाऊन बसते. मधुमेहाला आमंत्रण देते ती हीच.

म्हणून काट्याबरोबर टेप हवी. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही कमरेची धोक्याची खूण आहे. पण कंबर म्हणजे साडी नेसतो किंवा पॅन्टचा पट्टा बांधतो ती जागा नव्हे. शेवटची बरगडी आणि कुशीचं हाड बोटांनी चाचपायचं, दोन्हींच्या बरोबर मध्यावर टेप गुंडाळायची, श्वास सहज सोडायचा आणि तेव्हाचा आकडा वाचायचा. ताईचे कपड्यांच्या मापाने ८६ भरत होते, डॉक्टरांच्या टेपने ९७ निघाले.

जानेवारी २०२५ मध्ये ‘लॅन्सेट’ने नेमलेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने आणखी एक गोष्ट मांडली, ती मला फार न्याय्य वाटते. चरबी जास्त आहे पण अजून कुठल्या अवयवाला त्रास नाही, अशांना एका गटात ठेवायचं आणि त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. आणि ज्यांचे गुडघे, श्वास, हृदय, यकृत किंवा रोजची कामं त्या चरबीमुळे अडू लागली आहेत, त्यांना रुग्ण म्हणून पूर्ण उपचार द्यायचे. नुसत्या बीएमआयवरून दोघांनाही एकाच मापाने तोलायचं नाही.

तर चांगल्या डॉक्टरांचं पहिलं काम म्हणजे शोध घेणं. आधी घरातल्या गोळ्यांची पिशवी बघणं. दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन, मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या, फिट्‌सवरचं व्हॅल्प्रोएट, मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, या सगळ्यांनी वजन वाढू शकतं. कधी कधी त्याऐवजी दुसरं औषध देता येतं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, आपण गोळी मनाने बंद करायची नाही. स्टेरॉइड तर अचानक थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. मग थायरॉइड, पीसीओएस (बायकांमधला अंडाशयाचा, हार्मोन्सचा विकार), झोपेत घोरणं आणि मध्येच श्वास थांबणं, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, कोलेस्टेरॉल, यकृताच्या तपासण्या. थायरॉइडबद्दल एक सांगते, कारण घरोघरी त्याच्यावरच खापर फुटतं. थायरॉइड कमी पडल्याने वाढणारं वजन सहसा थोडक्या किलोंचं असतं. गोळी सुरू करून वीस-पंचवीस किलो उतरतील ही अपेक्षा ठेवली तर निराशाच पदरी पडते.

आहाराचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यावर सगळेच बोलतात. सुरुवातीचं लक्ष्य आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्क्यांचं असावं. ९० किलोच्या माणसाने साडेचार ते नऊ किलो उतरवले तरी साखर, रक्तदाब आणि यकृतातली चरबी यांवर फरक दिसू लागतो. गुडघ्यांचं तर असं आहे की, अंगावरचा एक किलो उतरला की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. आपल्या ताटात पोळी आणि भात भरपूर असतात आणि आमटी पातळ असते, म्हणजे प्रथिनं कमी पडतात. डाळ घट्ट करणं, मोडाची उसळ वाटीभर घेणं, अंडं, मासे, दही, पनीर वाढवणं हा बदल कुठल्याही चार्टपेक्षा जास्त टिकतो. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाऊन उपवास केला तर त्याने वजन उतरत नाही, साबुदाणा हा जवळपास निव्वळ स्टार्च आहे. कोमट पाण्यात लिंबू-मध घेतल्याने चरबी वितळत नाही. आणि चालण्याबरोबर आठवड्यातून दोन-तीनदा स्नायूंना जोर लावणारा व्यायाम हवाच, खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं इथून सुरुवात केली तरी चालेल.

आता औषधं. वजनाच्या औषधांचा इतिहास फारसा चांगला नाही. फेनफ्लुरामिन १९९७ मध्ये बाजारातून काढावं लागलं, कारण हृदयाच्या झडपा खराब होत होत्या. सिब्युट्रामिन २०१० मध्ये हृदयविकाराच्या धोक्यामुळे मागे घेतलं गेलं आणि आपल्याकडेही त्यावर बंदी आली. ऑर्लिस्टॅट अजून मिळतं. ते जेवणातल्या चरबीपैकी जवळपास तीस टक्के पचू देत नाही. ती चरबी शौचावाटे बाहेर पडते, म्हणून तेलकट जुलाब होतात आणि बरेच जण ते सोडून देतात.

मग आलं ते गेल्या काही वर्षांत सगळ्यांच्या तोंडी असलेलं जीएलपी-१. जेवण आतड्यात पोचलं की आतडं हे हार्मोन सोडतं. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला कळवतं की पुरे झालं. अडचण एवढीच की रक्तात आल्यावर दोनच मिनिटांत त्यातलं निम्मं मोडून जातं. अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखाच पण टिकाऊ पदार्थ सापडला, त्यावरून बनवलेलं एक्झेनाटाइड २००५ मध्ये मधुमेहासाठी मंजूर झालं. पुढे लिराग्लुटाइड आलं, ते रोज टोचायचं. मग सेमाग्लुटाइड, ते आठवड्यातून एकदाच. टिर्झेपाटाइड हे जीएलपी-१ बरोबर जीआयपी या दुसऱ्या हार्मोनचंही काम करतं. २०२५ साली मार्चमध्ये मौंजारो या नावाने टिर्झेपाटाइड आणि जूनमध्ये वेगोव्ही या नावाने सेमाग्लुटाइड भारतात आलं. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची इथली मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने भारतीय कंपन्यांना ते बनवायची वाट मोकळी झाली.

परिणाम किती? २०२१ साली छापून आलेल्या मोठ्या चाचणीत सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांचं ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं. नुसतं पाण्याचं इंजेक्शन आणि तोच आहार-व्यायाम मिळालेल्यांचं २.४ टक्के उतरलं. टिर्झेपाटाइडच्या सगळ्यात मोठ्या डोसला ७२ आठवड्यांत ही घट सुमारे २१ टक्क्यांवर गेली. हृदयविकार आधीच असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७ हजारांहून जास्त लोकांवरच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून २० टक्क्यांनी कमी झाले.

ताई हे इंजेक्शन दर गुरुवारी घेते. जाडसर पेन असतं, सुई नखाच्या टोकाएवढी. फ्रिजमधून पेन काढून ती थोडा वेळ ओट्यावर ठेवते, पोटाची चिमूट धरते, टोचते आणि मनात आकडे मोजत दाबून धरते. तिला विचारलं, काय बदललं? ती म्हणाली, "अगं, डोक्यातली भुणभुण थांबली." दुपारी ऑफिसात काम करताना तिला सतत डब्यातल्या, कपाटातल्या, खालच्या दुकानातल्या खाण्याची आठवण यायची. ती अशी कटकट आम्हा बाकीच्यांच्या डोक्यात नसते, हेच आम्हाला कधी माहीत नव्हतं. मला हे वाक्य सगळ्या टक्केवारीपेक्षा जास्त काही सांगून गेलं.

पण हे औषध हलक्यात घ्यायचं नाही. डोस अगदी कमीपासून सुरू होतो, सेमाग्लुटाइडचा ०.२५ मिलिग्रॅमपासून, आणि दर चार आठवड्यांनी वाढवत नेतात. मळमळ, उलटी, जुलाब, बद्धकोष्ठ हे बऱ्याच जणांना होतं. कमी आणि सावकाश खाल्लं, तळकट टाळलं तर सुसह्य होतं. पित्ताचे खडे होऊ शकतात. क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, म्हणून पोटात जोराने दुखून कळ पाठीत जाऊ लागली तर वाट बघत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. घरात मेड्युलरी प्रकारचा थायरॉइडचा कर्करोग कुणाला झाला असेल तर हे औषध घ्यायचं नाही. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर साखर फार खाली जाऊ शकते, ते डोस आधी कमी करून घ्यावे लागतात. मधुमेह जुना असेल तर डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

आणि स्नायू. उतरलेल्या वजनातलं २५ ते ४० टक्के वजन चरबीचं नसून स्नायूंसकट बाकीच्या ऊतींचं असू शकतं. आपल्याकडे स्नायू मुळातच कमी, त्यात भूक मेल्यामुळे माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढू लागला तर अशक्तपणा ठरलेलाच. घट्ट डाळ आणि खुर्चीचा व्यायाम मी वर लिहिले ते इंजेक्शन घेणाऱ्यांसाठी दुप्पट महत्त्वाचे आहेत. पार्लरमध्ये, जिममध्ये किंवा फोनवरच्या जाहिरातीतून हे इंजेक्शन घेणाऱ्यांची मला काळजी वाटते ती म्हणूनच. तिथे गोळ्यांची पिशवी कुणी बघत नाही.

आता पुन्हा त्या करवतीच्या रेघेकडे. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आलं, असं चाचणीतल्याच लोकांच्या पुढच्या नोंदींत दिसलं. औषध थांबलं की दुष्काळाची हाकाटी पुन्हा सुरू होते. म्हणून ‘तीन महिने घेऊन बघू’ असा विचार करून पैसे घालवू नयेत. पुढची काही वर्षं परवडेल का, नाही परवडलं तर काय, कमी डोसवर टिकवता येईल का, हे सगळं पहिल्या इंजेक्शनच्या आधी डॉक्टरांशी उघड बोलावं. पैशांचं बोलायला लाजू नये.

ज्यांचा बीएमआय बराच वर आहे, किंवा मधुमेह आवरतच नाही, त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया हा अजूनही सगळ्यात टिकाऊ इलाज आहे. ‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढतात. घ्रेलिन मुख्यतः त्याच भागात बनतं, त्यामुळे नुसती पिशवी लहान होत नाही, भूकही उतरते. ‘बायपास’ या दुसऱ्या प्रकारात (हा हृदयाचा बायपास नव्हे) अन्नाची वाट आतड्याच्या पुढच्या भागाकडे वळवतात. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी दिसलं. बदल्यात बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावं लागतं आणि दर वर्षी रक्त तपासावं लागतं. विम्याबद्दल बऱ्याच जणांना माहीत नसतं. आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असेल, किंवा ३५ किंवा जास्त असून हृदयविकार, तीव्र स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास थांबणं) किंवा न आवरणारा मधुमेह असा गंभीर आजार असेल आणि साधे उपाय करूनही वजन उतरलं नसेल, वय १८ किंवा जास्त असेल आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर ‘वजनाचा उपचार’ एवढंच कारण देऊन शस्त्रक्रियेचा दावा फेटाळता येत नाही. पॉलिसीतला प्रतीक्षा कालावधी मात्र बघून घ्यावा.

पहिल्यांदा जाणार असाल तर सोबत वीस वर्षांतली ढोबळ वजनं लिहून न्या. लग्नात किती, बाळंतपणानंतर किती, बदली झाली तेव्हा किती. सगळ्या गोळ्या, अगदी आयुर्वेदिक चूर्णंही, पिशवीत घालून न्या. घोरण्याबद्दल घरच्यांना विचारून जा. आणि जिथे तपासायच्या आधीच रागावतात तिथून उठून दुसरीकडे जा, पण ताईसारखी चार वर्षं घालवू नका.

तिचं वजन अकरा महिन्यांत तेरा किलो उतरलं. मागच्या खेपेला मात्र दोन किलो वाढलेलं निघालं. काट्यावरून उतरताना तिचा चेहरा पडला, ती काहीतरी कबुली द्यायच्या बेतात होती. डॉक्टरांनी तोच जुना कागद काढला, शेवटी एक ठिपका दिला आणि विचारलं, "गेल्या दोन महिन्यांत झोप कशी होती?"

"सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलंय," ताई म्हणाली. "रात्री तीन-चारदा उठावं लागतं."

त्यांनी ते ठिपक्याशेजारी लिहून ठेवलं.